न काढलेल्या कळश्या

पावसाला आमच्याकडे नक्षत्रागणिक नावं आहेत. उन्हाळा आंब्याच्या नावावर आयता जगतो. थंडी चार दिवस पाहुणी येते, तरी तिचंही कौतुक होतं. पण दिवाळीचे कंदील उतरल्यापासून शिमग्याची पालखी दारात येईपर्यंतचे जे दिवस असतात, ज्यांत पाणी कुणाला न सांगता जमिनीतून निघून जातं, त्या दिवसांना रत्नागिरीत कुणी नाव दिलेलं नाही. भात कापून झालेलं असतं. मळ्यांत नुसती धसकटं उरतात आणि खळ्यांवरून नव्या पेंढ्याचा वास येत राहतो. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळपठारावरचं, गवत हिरव्याचं पिवळं होतं, मग करडं होतं, आणि खालचा काळा कातळ पुन्हा दिसायला लागतो. पऱ्या, म्हणजे आमच्याकडचा छोटा ओढा, आज घोट्याइतका असतो, पुढच्या सोमवारी तळपाय भिजेल इतका, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी दगडांवर नुसती ओल. मला हे सगळं सोमवारांच्या हिशेबात आठवतं, कारण मी ते सोमवारीच पाहायला जायचे.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. जन्माने रत्नागिरीची, पण शहरातली. नळ सोडला की पाणी येतं आणि येत नाही तेव्हा नगरपालिकेला शिव्या घालायच्या, एवढंच माझं पाण्याचं ज्ञान होतं. बाकी चौकसपणा मात्र उपजत. लहानपणी आई म्हणायची, "हिला बाजारात पाठवू नका, भाजीवालीच्या सुनेची चौकशी करून येईल आणि भाजी विसरेल." त्यातली चौकशी पुढे नोकरीत उपयोगी पडली असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

परवा मृणाल विभागात शिरली ती लॅपटॉप उघडाच धरून. आमची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, धांदरट आणि हुशार.

"मॅडम, टेंबवाडीच्या विहिरी बघा! इतक्या वर्षांत तुळशीच्या लग्नाला पाणी एवढं वर कधीच नव्हतं. एक नाही, सगळ्या विहिरींत. आपला बंधारा चालला!"

पुढच्या आठवड्यात विद्यापीठात चर्चासत्र आहे. गावांची तग धरण्याची ताकद वाढवायला विद्यापीठांनी काय करावं, असा काहीसा विषय. मृणाल तिथे टेंबवाडीवर बोलणार आहे. पहिल्या पानावर तिने मथळासुद्धा घालून ठेवला होता, 'लोकसहभागातून पाणीपातळीत वाढ'. आलेख खरोखर सुंदर होता. सगळ्या रेषा आपल्या जागी राहिलेल्या, एकही खाली घसरलेली नाही.

मी म्हटलं, "थांब."

तिचा चेहरा उतरला. पण सरळ रेषा दिसली की थांबायचं, हे मला एका बाईने शिकवलं आहे. ती बाई कधी कॉलेजची पायरी चढलेली नाही. तिचं नाव शेवंतीकाकी.

तेव्हाचेही हेच दिवस होते. विद्यापीठाकडून पत्रक आलं होतं की गावांनी तग धरावा म्हणून प्रत्येक कॉलेजने एक गाव घ्यावं. 'घ्यावं' असाच शब्द होता, बाजारातून नारळ घ्यावा तसा. आम्ही टेंबवाडी घेतली. गणपतीपुळ्याकडून जयगडला जाताना मध्येच आत वळायचं, चिरेखाणीच्या लाल धुळीतून वर चढायचं, की सड्याच्या कडेला तीसेक घरं लागतात. वरून खाडी दिसते. जयगडच्या बंदरात उभी असलेली जहाजं दिसतात. इतकं पाणी डोळ्यांसमोर, आणि चैत्र लागला की प्यायला तांब्याभर मिळणं मुश्कील. आम्ही ठरवलं की वाडीतल्या सगळ्या विहिरींचं पाणी दर सोमवारी मोजायचं, कुठलं किती टिकतं ते शोधायचं आणि तसा अहवाल ग्रामपंचायतीला द्यायचा.

सकाळची एसटी पकडून आम्ही अकराच्या सुमाराला पोचायचो. फितीला वजन बांधून विहिरीत सोडायचं, पाण्याला टेकलं की आकडा वाचायचा. मुलांना फार मजा यायची. दुपारी कुणाच्या तरी पडवीत डबे उघडायचे, त्यात घरोघरची कुळथाची पिठी नाहीतर तांदळाची भाकरी येऊन पडायची. माझ्या कमरेची फीत त्या दिवसांत बरीच लांबली असणार.

विहिरीला इथली माणसं बाव म्हणतात. पाच बावी होत्या. चार बावींचं पाणी दर सोमवारी थोडं थोडं खाली जात होतं. पाचवी शेवंतीकाकींच्या घराच्या मागे, फणसाखाली. ती हलतच नव्हती.

"मॅडम, ही विहीर बघा ना," ऋतुजा म्हणाली होती. ऋतुजा त्या वर्षीची आमची म्होरकी, आकड्यांच्या बाबतीत माझ्याइतकीच भाबडी. "महिना झाला, बोटभरसुद्धा उतरली नाही. खाली जिवंत झरा असणार!"

त्या बावीच्या रहाटाला आंब्याचा टाळ बांधलेला होता, म्हणजे पानांसकट मोडलेली डहाळी. पानं वाळून तपकिरी झाली होती. ऋतुजाने त्याचा फोटो काढला. अहवालात 'सांस्कृतिक निरीक्षणे' असं एक पान असायलाच हवं होतं, त्यात आम्ही लिहिलं, 'ग्रामस्थ या विहिरीस पवित्र मानतात व तिची पूजा करतात.' त्या वाक्यावर मी स्वतः लाल पेनाने बरोबरची खूण केली होती. पुढे निष्कर्ष होता. पाचव्या विहिरीला भरपूर पाणी आहे, तिथे पंप बसवून टाकी बांधल्यास वाडीला बारमाही नळ देता येईल. खाली माझी सही, त्याखाली कॉलेजचा गोल शिक्का.

सरपंच खूश झाले. मनापासून झाले. तो माणूस खालच्या वाडीतला, पऱ्याच्या काठचा, पण वरच्या बायकांची फरफट पाहून कळवळायचा. "म्याडम, आमच्या आयशीच्या डोक्याचे केस हंड्याखालच्या चुंबळीनं गेले," मला म्हणाले. "आता वरच्या बायांना नळ मिळूदे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घेतो." मला धन्य धन्य वाटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या एखाद्या सरासरीचा कुणाला नळ झाला नव्हता.

पौषात एकदा मी एकटीच गेले. मोहर आला होता. सड्यावर त्याचा वास आणि बागांतल्या फवारणीचा वास एकमेकांत मिसळलेले होते. जयगडला माझ्या मावसबहिणीकडे मुक्कामाला होते म्हणून त्या दिवशी भल्या सकाळी वाडीत पोचले, आमच्या नेहमीच्या अकराच्या कितीतरी आधी. आणि मी पाहिलं की शेवंतीकाकी डोक्यावर हंडा, त्यावर कळशी घेऊन उतारावरून वर येत होत्या. खालच्या बावीवरून. साठीला आलेली बाई, पायात चप्पल नाही. फणसाखालच्या भरलेल्या बावीला वळसा घातला आणि तिच्याकडे न बघता घरात गेल्या.

मी धावत मागे. "काकी, ही दाराशी विहीर भरलेली असताना खालून का आणता?"

काकी हसल्या. हंडा उतरवला, पदराने मान पुसली. "ती राखलेली हाय वो, बाई."

"राखलेली म्हणजे?"

"राखलेली म्हंजे राखलेली. तुळशीचा लगीन झाला की टाळ बांधायचा. मंग तिच्यात कोन पोहरा सोडनार नाय. वैशाखात चाकरमानी येतात, वाडीत लग्ना असतात, बाकीच्या बावी तोवर आटतात, तवा सोडायची."

मला जे समजायला लागलं होतं ते समजू नये असं वाटत होतं. मी विचारलं, "आणि झरा?"

"कसला झरा! ती गळत नाय, पन भरत बी नाय. घागरीत भरून ठेवल्यासारखा पानी ता."

म्हणजे पाणी उतरत नव्हतं, कारण कुणी काढत नव्हतं. तीस घरांच्या बायका रोज पहाटे त्या भरल्या बावीवरून जात होत्या, हात आवरत होत्या, आणि आम्ही अकरा वाजता येऊन त्या आवरलेल्या हातांना झरा म्हणत होतो. मला इतकी लाज वाटली की मी कट्ट्यावर बसूनच राहिले. मग रागही आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "काकी, दोन महिने आम्ही इथे फीत सोडतोय. तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलंत नाय," काकी म्हणाल्या. "आमाला वाटला, तुमी शिकलेली मानसा, फितीला सगळा कळत असंल."

त्यांनी मला पाणी विचारलं. मी म्हटलं, मी काढते, तुम्ही दमला आहात. आणि दोरी-कळशी उचलून खालच्या बावीकडे निघाले. काकींनी दोरी माझ्या हातातून काढूनच घेतली. "पाव्हन्यानं दोरी धरायची नाय. तुमी बसा." मी पाहुणी होते. पाहुण्याला पाणी द्यायचं असतं, पाण्याचा भार द्यायचा नसतो. गूळ आणि पाणी घेऊन मी गुपचूप बसले. आत ओटीवर काकींची धाकटी मुलगी सायली हळदीकुंकवाची वाणं मांडत होती. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं, घरच्याच अंगणात. वाडीतलं प्रत्येक लग्न त्या राखलेल्या बावीच्या पाण्यावर लागतं, असं काकी सहज म्हणून गेल्या. पंप बसला असता तर होळीपर्यंत त्या बावीत चिखल उरला असता. मग सायलीचं लग्न शहरातल्या एखाद्या हॉलमध्ये लावावं लागलं असतं, आणि गावी आलेल्या चाकरमान्यांनी टँकरच्या रांगेत सुट्टी काढली असती. हे सगळं माझ्या सहीने.

एसटीत बसून घरी येताना मी शिक्क्याचा विचार करत होते. मला नेहमी वाटायचं की चूक म्हणजे बेरीज चुकणं. इथे प्रत्येक आकडा बरोबर होता. फीत बरोबर, तारीख बरोबर, आलेख बरोबर. आम्ही फक्त जे घडलं ते मोजलं होतं. जे कुणीतरी रोज ठरवून घडू दिलं नव्हतं, त्याला आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. तग धरणं, तग धरणं म्हणून पत्रकात जे लिहिलं होतं, ते आम्ही टेंबवाडीला द्यायला निघालो होतो. आणि ते तिथे आंब्याच्या डहाळीने रहाटाला बांधून ठेवलेलं होतं. फोटोसुद्धा काढला होता आम्ही त्याचा.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, मुलांना जिलेब्या वाटल्या आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. पुढे पुरुष खुर्च्यांवर, मागे भिंतीला टेकून बायका. मी उभी राहिले आणि म्हटलं की आमचा अहवाल चुकला आहे.

सरपंचांच्या हातात जिलेबी होती, ती तशीच राहिली. "अवो म्याडम, रिपोर्ट तुमचा, शिक्का तुमचा. पानी भरपूर हाय म्हनून तुमीच लिवलंत. आता तुमीच नाय म्हनता? मंग बायांनी काय जल्मभर हंडेच वाहायचे?"

हा प्रश्न साधा नव्हता. पुढच्या रांगेतले दोघेतिघे म्हणाले की छापून आलंय म्हणजे पाणी असणारच, बायका उगाच जुनं धरून बसतात. त्यांच्यातले निम्मे मुंबईला किंवा बंदरात नोकरीला, बावीवर जायची त्यांना कधी पाळी आली नव्हती. माझ्या शिक्क्याने त्यांच्याच बायकांना खोटं पाडलं होतं, आणि आता तो शिक्का माझंही ऐकत नव्हता.

तेवढ्यात मागून काकींचा आवाज आला. "वायच थांबा. भांडताव कशाला? बाव काय पळून जातेय? एक दिस टाळ सोडूया. उपसूया. मंग बगूया भरते काय."

 टाळ तुळशीच्या लग्नानंतर आणि वैशाखाच्या आधी कधी सुटला नव्हता. एक दिवस उपसायचं म्हणजे सायलीच्या लग्नाचं पाणी आधीच खर्चायचं. हे सगळ्यांत जास्त काकींना माहीत होतं, आणि बोलल्या त्याच.

तो माघातला सोमवार मी विसरणार नाही. सरपंच पंप आणतो म्हणाले, तर बायका म्हणाल्या पंप नको, कळशीने काढू, मोजता येतं. काकींनी नमस्कार करून टाळ सोडला आणि रहाट करकरला. एका रोवळीत चिंचोके ठेवले होते. कळशी वर आली की एक चिंचोका इकडून तिकडे. आमची मुलं वहीत रेघा मारत होती. एवढं पाणी एकदम हाताशी आल्यावर त्याचं करायचं काय, तर वाडीतल्या सगळ्या गोधड्या बाहेर आल्या. कातळावर गोधड्या आपटल्याचे आवाज, साबणाचा फेस, उन्हात वाळत घातलेले लाल-निळे तुकडे, आणि बायकांची अशी काही चेष्टामस्करी की आमच्या मुलांनी माना खाली घातल्या. ऋतुजाने साडीचा ओचा खोचून चार गोधड्या धुतल्या. संध्याकाळी हिशेब जुळवला तेव्हा आमच्या रेघा आणि चिंचोके जुळेनात. चार कळश्या आमच्याकडे कमी होत्या. काकी म्हणाल्या, "तुमी च्या प्यायला गेलाव ना, तवाच्या त्या." मी वहीत चिंचोक्यांचा आकडा लिहिला.

टाळ पुन्हा बांधला आणि बावीच्या भिंतीवर पाण्याशी चुन्याची रेघ ओढली. दुसऱ्या दिवसापासून काकी रोज सकाळी वाकून बघायच्या आणि मला फोन करायच्या. "बोटभर." "बोटभर बी नाय." "आज व्हती तिथंच." दोन आठवडे गेले, गेलेल्या पाण्याचा पाव हिस्साही परत आला नव्हता. सरपंच स्वतः येऊन कट्ट्यावर बसले. बराच वेळ त्या चुन्याच्या रेघेकडे बघत होते. त्यांचा नळ त्या पाण्यात बुडाला होता, आणि मला त्यांचं वाईट वाटलं.

"मंग आता?" ते म्हणाले.

विद्यापीठ आणि गाव यांच्यात काय व्हायला हवं यावर मी पुढे पुष्कळ भाषणं ऐकली. माझ्या मते ते तिथे, त्या 'मंग आता'पाशी सुरू झालं. कारण पहिल्यांदाच आम्हाला कुणालाच उत्तर माहीत नव्हतं.

काकी आम्हाला वर सड्यावर घेऊन गेल्या. एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, पावसात इथे कातळाला कान लावला की खाली पाणी वाजतं. लहानपणी पोरं इथे पालथी पडून ऐकायची. मी पदर खोचून पालथी पडले. अर्थात माघात काय ऐकू येणार, नुसता तापलेला दगड. पण पावसाळ्यात पुन्हा गेले तेव्हा खरंच ऐकलं, जांभ्याच्या पोटात कुठेतरी खळखळत जाणारं पाणी, आणि अंगावर काटा आला. भूगर्भशास्त्राच्या आमच्या सरांनी त्या आवाजाचा माग काढत नकाशा केला. पाणी कुठल्या भेगेतून आत जातं, ते त्यांनी शोधलं. कुठल्या महिन्यात कुठे वाजतं, ते म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं. त्या भेगेच्या जरा खाली, पऱ्याला पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मातीच्या गोण्यांचा बंधारा घातला, अर्धी माणसं वाडीची आणि अर्धी कॉलेजची. तेव्हापासून दर वर्षी घालतो. नळ आला, पण तो खालच्या वाडीतल्या पऱ्याकाठच्या विहिरीवरून, आणि तोही दिवसाआड. त्यावर समाधान मानायचं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

सायलीचं लग्न वैशाखात घरच्या अंगणात झालं. पाणी थोडक्यात पुरलं. शेवटच्या पंगतीला तांबे अर्धेच भरून फिरवत होते, पण पुरलं. टाळ सुटला तेव्हा पहिली कळशी नवरीने काढायची असते, ती सायलीने काढली. उत्साहाच्या भरात मीही पुढे झाले, तर काकींनी हसत हात आडवा धरला. "पाव्हन्यानं नाय, बाई."

त्यानंतर आमच्या वहीत रकाने वाढले. पाणी किती, याच्या शेजारी कळश्या किती. आणि त्याच्या शेजारी एक रुंद रकाना, कारण. वही काकींकडे असते. अक्षर थोराड, आकडे नेटके. कारणाच्या रकान्यात कधी 'राखली', कधी 'फवारणीवाल्यांनी नेला', कधी 'बारसा' असं लिहिलेलं असतं. जगातलं सर्वांत वाचनीय संख्याशास्त्र त्या वहीत आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर परवा मी मृणालला विचारलं, "कळश्यांचा रकाना कुठाय?"

"तो आलेखात नाही घेतला, मॅडम. पाणी वाढलं हेच दाखवायचं होतं ना."

मी काकींना फोन लावला आणि तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"काकी, यंदा सगळ्या विहिरींना पाणी बरं आहे म्हणे?"

"हाय की. चांगला हाय."

"कशामुळे?"

 पलीकडे काकी हसल्या. "इचारलंत बगा यंदा." आणि मग हसू थांबलं. "गणपतीला सगळी आली व्हती. जाताना आठ घरांनी कुलपा लावली, ती पक्की. म्हातारी मानसा पोरांनी मुंबयला नेली. गुरा इकली. पहाटं बावीवर बायांची गर्दी असायची, बोलायला मिळायचा. आता खालच्या बावीवर आमी सहाजनी. मंग पानी र्‍हायल नायतर काय करल?"

मृणालने वहीच्या पानांचे फोटो उघडले होते. कळश्यांचा रकाना गणपतीनंतर एकदम खाली आला होता. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मथळा तसाच वर झळकत होता.

"टाळ बांधलात?" मी विचारलं. 

"बांधला. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिशी बांधला. पन बाई, राखायची ती कोनासाठी, ह्या तुमच्या वहीत कुठं लिवू?"

 इतक्या वर्षांत त्या बावीत पाणी राहील की नाही एवढीच काळजी आम्ही केली. माणसं राहतील हे आम्ही धरूनच चाललो होतो, जसा पूर्वी झरा धरून चाललो होतो.

तेवढ्यात मृणाल फोनकडे वाकली. "काकी, मी मृणाल. पाणी बंधाऱ्यामुळे किती वाढलं आणि माणसं गेल्यामुळे किती उरलं, हे वेगळं करता येईल का हो? गेलेल्या घरांच्या कळश्या तुम्हाला घरागणिक आठवतील?"

"आटवतील तर! कोनाच्या घरी किती लागायचा, ता मी झोपेत सांगंन. पन वेगळा तुमी शिकलेल्यांनी काडा. मी आपली कळशी काडते."

मृणालने मथळा खोडला. त्या जागी तिने एक प्रश्न लिहिला, मग तोही खोडला आणि दुसरा लिहिला. चर्चासत्रात ती काय बोलणार आहे मला माहीत नाही. तिलाही नसावं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मात्र मी ओळखलं, तेच मला लहानपणी भाजी विसरायला लावायचं.

मी म्हटलं, "काकी, सोमवारी येतो आम्ही. सकाळीच येतो. मोजायला."

"मोजायला नंतर," काकी म्हणाल्या. "येताना चुंबळीला जुना लुगडा घिऊन ये. एक कळशी तू काड गो बाई. तेवढाच आकडा वाढंल."